पोटखराबा

आमच्या सातबाऱ्यावर पोटखराब्याच्या रकान्यात १ हेक्टर ९८ आर लिहिलेलं आहे. पाच एकराला चारेक गुंठे कमी. पोटखराबा म्हणजे शेताच्या पोटातच निघालेली, पण पिकाला नालायक म्हणून बाजूला काढलेली जमीन. तिच्यावर सरकार सारासुद्धा लावत नाही, म्हणजे बघा. लहानपणी हा शब्द ऐकला की मला वाटायचं, जमिनीचं पोट बिघडलंय.

ही जमीन माझ्या नावावर कशी आली ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा उद्योग तिथून सुरू झाला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मान्य केला, देशानं २००५ मध्ये. आमच्याकडे तो कायदा अजून वाटेत आहे. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि आण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, सरळ विचारलं, "हक्कसोड करून देतेस ना?" आमच्याकडच्या बहिणी देतात. साडीचोळी घेतात, तालुक्याला जाऊन सही करतात आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून निवांत होतात. मीही केली असती. पण वहिनी चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "नाहीतरी तो माळ घेऊन काय करणार? हरणं पाळणार?"

तिथं बिनसलं. मी म्हटलं, विहिरीखालचं सगळं तुम्हाला राहू द्या, मला तेवढा माळ द्या. सौदा इतका स्वस्तात पडला की आण्णालाच कसंनुसं झालं. त्यानं दोनदा विचारलं, "नक्की ना?"

माळ बारामती तालुक्यात, सुप्याच्या अलीकडं. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पाऊस दोन वर्षं धड पडतो, तिसऱ्या वर्षी रुसतो. हरणांचं म्हणाल तर वहिनींचा टोमणा अगदीच हवेतला नव्हता. शाळेत असताना मोरगावच्या यष्टीतून जाताना खिडकीतून चिंकारा दिसायचे. शेळीएवढा जीव, उन्हात वाळलेल्या गवताच्या रंगाचा, आणि मागं सतत हलणारी काळी शेपटी. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तिचं नाव काळशिपी. पुढं १९९७ मध्ये सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य झालं ते यांच्यासाठीच. क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. कर्जतकडं रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, १९८० चं, ते तर २.१७ चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत हा प्राणी मावत नाही. तो चरतो बाहेर, लोकांच्या माळावर, गायरानात आणि अर्थात आण्णाच्या मटकीत. त्याकडं येईनच.

(शास्त्राप्रमाणे ही हरणं नव्हेतच. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं, त्यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग, त्यांची शिंगं जन्मभराची. पण आमच्या गावात कुणाला कुरंग म्हणून सांगायला गेलं तर आधी पाणी विचारतील, मग डॉक्टर. मी हरीणच म्हणणार.)

तर पोटखराबा सुधारायचा आणि त्यावर हरणं आणायची, असं मी मनाशी धरलं. पुण्यात बँकेच्या नोकरीतून नुकतीच मोकळी झाले होते, हाताशी थोडे पैसे होते आणि मनात राग होता.

सुधारणा म्हणजे झाडं, यात मला काडीचीही शंका नव्हती. आपल्या पिढीला ती कुठून असणार? शाळेच्या भिंतीवर 'झाडे लावा, झाडे जगवा' वाचत मोठे झालो. २०१९ च्या पावसाळ्यात तर राज्यभर ३३ कोटी झाडं लावायची मोहीम होती, रोपं हवी तेवढी मिळत होती. मी जेसीबी बोलावला. दोन बाय दोन बाय दोनचे सातशे खड्डे. कडुनिंब, करंज, चिंच, मधेमधे भराभर वाढतात म्हणून सुबाभूळ, आणि बांधाच्या कडेनं गिरिपुष्प. उताराला आडवे सलग समतल चर. त्यावर ठिबक, शिवाय उन्हाळ्याला टँकर. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण. आण्णा रोज संध्याकाळी बांधावर उभा राहून बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्याचं न बोलणं मला खटकायला हवं होतं, मला ते कौतुक वाटलं.

एवढ्यावर थांबले नाही. रात्री जागून व्हिडिओ बघायची. अमेरिकेत लोक हरणांसाठी खास शेत पेरतात, हे मला तिथं कळलं. व्हाइटटेल नावाचं त्यांचं हरीण. त्याच्यासाठी क्लोव्हर, ओट, सलगम यांचे हिरवेगार पट्टे, बाजूला मिठाची ढेप, कडेला लपायला झुडपं, झाडाला बांधलेला कॅमेरा. माती तपासून चुना टाकतात, खतं देतात. बघताना हेवा वाटायचा. यातल्या बऱ्याच जणांचा शेवटचा मुक्काम मचाणावर बंदूक घेऊन बसण्यात होतो, हे जरा उशिरानं लक्षात आलं. पण शिकार सोडून बाकीचं घ्यायला काय हरकत, असं म्हणून मी दहा गुंठ्यांत लसूणघास पेरला. बोअरला जेमतेम इंचभर पाणी, ते सगळं लसूणघासाला. घास मात्र छान आला. दोन महिन्यांत त्यावर ताव मारला तो आण्णाच्या म्हशीनं. जाळीच्या खालून अख्खी म्हैस कशी आत आली, हे कोडं मला आजही उलगडलेलं नाही. वहिनींनी त्या आठवड्यात खरवस पाठवला. मी खाल्ला.

पाणवठ्याची गोष्ट अशी हसण्यावारी नेता येत नाही.

सिमेंटचा उथळ, बशीसारखा पाणवठा बांधला होता. थंडी सरत आली तसं दर चार दिवसांनी टँकरचं थोडं पाणी त्यात. पहिले आले होले, मग मुंगूस, मग कुत्री. डांबरी रस्त्यावर दोन ढाबे आहेत, पलीकडं पोल्ट्रीची शेडं आहेत. मेलेल्या कोंबड्या कुठंतरी टाकल्या जातात आणि त्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्यांना खायला होतं, प्यायची सोय मी केली. फेब्रुवारीत एका पहाटे मी तिथंच शेडच्या ओट्यावर होते. कुंपणाच्या बाहेरून एक चिंकारा मादी पळत आली, मागं तीन कुत्री. चिंकाऱ्याचा वेग कुत्र्याच्या बापाला झेपत नाही, मोकळं रान असेल तर. पण तिच्या वाटेत माझी जाळी आली. ती जाळीवर आपटली, फिरली, जाळीच्या कडेकडेनं धावत सुटली. एक कुत्रं पुढून आडवं गेलं. मी ओरडत, दगड फेकत धावले, पण साठीच्या बाईचं धावणं ते किती. ओढ्याच्या वळणाला सगळी दिसेनाशी झाली. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. जाळीच्या एका गाठीत तपकिरी केसांचा पुंजका अडकला होता, तेवढा मी सोडवून घेतला आणि बराच वेळ मुठीत धरून बसले.

पाणवठ्यात पाणी टाकणं त्या दिवशी बंद केलं. चिंकाऱ्याला त्याची फारशी गरजही नसते. पाल्यातला ओलावा आणि पहाटेचं दव यांवर तो आठवडेच्या आठवडे काढतो. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. जाळी काढायला मात्र आणखी दीड वर्ष लागलं. खर्च केलेल्या गोष्टीवर माणसाचा जीव असतो.

मग महिन्याभरात २०२० ची टाळेबंदी आली. पुण्यातून निघता येईना. ठिबक बंद, टँकर बंद. मी घरातून आण्णाला फोन करायची, तो म्हणायचा, "झाडं आहेत त्यांच्या जागी." त्या वर्षी पाऊस बेफाम झाला, ऑक्टोबरात तर इंदापूर-बारामतीकडं ओढ्यांना पूर आले. दिवाळीनंतर मी पोचले तेव्हा चिंच-करंजाची निम्मी रोपं उन्हाळ्यातच वाळून गेलेली. खड्ड्यांच्या आणि चरांच्या कडेला, जिथं जिथं मुरूम उकरून वर काढला होता, तिथं गाजरगवत कमरेएवढं. झकास वाढलेलं एकच झाड होतं, गिरिपुष्प. त्याचं आपल्याकडचं दुसरं नाव उंदीरमारी. मूळ मध्य अमेरिकेचं. पाला खताला उत्तम, पण माझ्या माळावर त्याच्या सावलीखाली ना गवत होतं ना किडा.

उत्तरेच्या कोपऱ्यात अर्धा एकर असा होता जिथं खड्डे पाडायचे राहून गेले होते. कातळ अगदी वर होता, जेसीबीवाला म्हणाला होता, "ताई, हितं बकेटचं दात मोडतील." त्या अर्ध्या एकरावर गुडघाभर गवत उभं होतं, पिकून तांबूस झालेलं. मी त्यातून चालले आणि साडीचा काठ, मोजे, सगळं कुसळांनी भरलं.

हे कुसळ कधी हातात घेऊन पाहिलंय का? कुसळीचं बी टोकाला सुईसारखं अणकुचीदार असतं आणि मागं लांब, पीळ पडलेली काळी शेपटी. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब सोडायचा. शेपटी हळूहळू फिरायला लागते, पीळ सुटतो, बी गोल गोल वळत टोक खाली रोवायला बघतं. पाऊस पडला की ते असंच स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं पिळून घेतं. वाळलं की पुन्हा पीळ. मी ओट्यावर बसून मोज्यातून काढलेली तीस-चाळीस कुसळं एका ताटलीत ओली केली आणि ती सगळी एकदम वळवळायला लागली. सातशे खड्डे मी मशीन लावून काढले होते. हे गवत आपापला खड्डा स्वतः काढत होतं.

त्याच कोपऱ्यात लेंड्यांचा ढीग होता. लहान, काळ्या, एका टोकाला निमुळत्या. फलटणकडचे एक मेंढपाळ दरसाल कोकणाच्या वाटेवर आण्णाच्या शेतात मेंढरं बसवतात, त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तेव्हा आलेला होता. मी त्या बाबांना दाखवायला नेलं. म्हटलं, "बाबा, ह्या तुमच्या मेंढरांच्या का?"

त्यांनी वाकूनही बघितलं नाही. "न्हाय ताई. मेंढरू चालता चालता टाकतंय. ह्यो ढीग हाय. रोज हितंच येतीया ती. काळशिपीचं काम."

"मग माझ्या झाडांत का जात नाही? मी एवढी सावली केली."

"सावली काय करायची तिला? तिला लांबवरचं दिसाया पायजे. झाडामागं काय दडलंय ती कुणी सांगावं?" मग थोडं थांबून त्यांनी त्यांचा मुद्दा काढला. "आन् ताई, पवन्या हुतं की हितं समदीकडं. तुमच्या आबांच्या टायमाला आमी बक्कळ चारलंय. ती उकरून तुमी ही उंदीरमारी लावलीसा, आमच्या मेंढरांनी काय खावावं?"

ते काही माळाचं तत्त्वज्ञान सांगत नव्हते, चाऱ्याचा हिशेब सांगत होते. पण हिशेब बरोबर होता. भेकरासारखं जंगलातलं हरीण झाडोऱ्यात लपतं. चिंकारा मोकळ्यावर लपतो. त्याचा आडोसा म्हणजे समोरचं अर्धा मैल रान, ज्यात लांडगा निघाला तर तो निघाल्याबरोबर दिसतो. मी आडोसा म्हणून जे जे उभं केलं त्यामागं त्याला शत्रू दिसत होता. आणि त्याचं खाणं? बोरं, हिवराच्या आणि बाभळीच्या पडलेल्या शेंगा, पावसाळ्यात कोवळं गवत, झुडपांचा पाला. हे सगळं त्या माळावर आधीच होतं, मी ते 'साफ' करून घेतलं होतं. जेसीबीच्या बिलात तसा स्वतंत्र रकाना होता: 'झुडपे साफ करणे, साडेतीन तास'.

२०२१ मध्ये उलटं काम सुरू झालं. गिरिपुष्प नुसतं तोडून चालत नाही, दुप्पट फुटतं, मुळासकट खणावं लागतं. कामाला तीच माणसं होती ज्यांनी लावलं होतं. एक बाई कुदळ टेकवून म्हणाली, "ताई, लावायची बी हजेरी तुमीच दिली आन् काढायची बी तुमीच देताय. पुढल्या साली काय करायचं ती आत्ताच सांगा." सगळ्या हसल्या, मीही हसले. सुबाभूळ काढली. ओढ्याकडून आत शिरलेली वेडी बाभूळ काढली, ती तर माझीही नव्हती. जगलेले सात-आठ कडुनिंब ठेवले, त्यांचा काही गुन्हा नव्हता. बोरी, हिवर, तरवड आणि नेपतीचं एक जुनं झुडूप यांना हात लावू दिला नाही. जाळी भंगारवाल्याला दिली.

गवत परत आणणं मात्र झाड लावण्यापेक्षा अवघड निघालं. रोपवाटिकेत झाड मिळतं, पवन्या कोण विकणार? मार्गशीर्षात गायरानातून आणि रस्त्याच्या कडेनं बी ओरबाडून पोती भरली. माती आणि शेणात कालवून त्याच्या गोळ्या केल्या, मे महिन्याच्या शेवटी टाकल्या. उगवण थोडकीच झाली. मुंग्यांनी किती नेलं याचा हिशेब नाही. मारवेलचं बरं, त्याची ठोंबं लावता येतात, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे सुधारित वाणही आहेत. पण सुधारित म्हटलं की आता माझ्या पोटात गोळा येतो. शेजारच्या बांधावरचीच ठोंबं आणून लावली. बुजवलेले खड्डे आजही ओळखू येतात. पाच वर्षांनीसुद्धा तिथं आधी गाजरगवत उगवतं, मग दुसरं काही. आपण एकदा उलटवलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी बसायला माझं आयुष्य पुरेल असं वाटत नाही.

दोन वर्षं चराई बंद ठेवली. मेंढपाळ बाबा नाराज झाले, एक वर्ष बोललेही नाहीत. आता आमचं असं ठरलं आहे की माळाचे तीन भाग. एका भागात बी गळल्यावर गवत कापायचं, एकात त्यांची मेंढरं, एक तसाच उभा. दरसाल फिरवायचे. उभ्या गवतात पाडसं दडवता येतात, चरलेल्या भागातून लांबवर दिसतं, दोन्ही लागतं. एका गोष्टीवर आमचं जमत नाही. बाबा म्हणतात, चैत्रात माळ पेटवला की गवत जोमानं येतं. येतं हे खरं, डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या रानातून वणवा आला आणि माझा एक भाग जळाला, तर त्या पावसाळ्यात तिथलंच गवत सगळ्यांत दाट. पण जळल्यावर दुसऱ्या दिवशी राखेतून चालले तेव्हा टिटवीची अंडी दिसली, उकडलेली. त्यामुळं मी आग आत शिरू नये म्हणून कडेनं जाळरेषा काढते आणि बाबा माझ्याकडं बघून मान हलवतात.

हरणाची वाट बघताना बाकीचे बरेच येऊन गेले. गवत आलं की नाकतोडे आले. नाकतोडे आले की थंडीत भोवत्या आले. हे शिकारी पक्षी पार कझाकस्तानकडून येतात, दिवसभर गवताच्या टोकांवरून संथ तरंगत नाकतोडे टिपतात आणि रात्री चक्क जमिनीवर, गवतात झोपतात. इतक्या लांबून येऊन झाडाकडं ढुंकून बघत नाहीत. डोंबारी चंडोल आला. त्याचं हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं त्याला हवेत कोलांट्या मारताना नक्की पाहिलं असणार. खाटीक पक्ष्यानं बाभळीच्या काट्यावर एक नाकतोडा आणि एक सरडुली टोचून ठेवलेली सापडली, हुकावर लावल्यासारखी. उन्हाळ्यात गळ्याचा निळा-केशरी पंखा फुलवणारे सरडे दगडावर उभे राहतात. त्यांच्या एका कुळीला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी 'सरडा' हेच नाव दिलं, मराठीतून उचलून. शास्त्राच्या लॅटिन यादीत आपला सरडा बसलाय, याचा मला उगाच अभिमान आहे. खोकडाचं बीळ आहे, तरसाच्या पावलांचे ठसे एकदाच दिसले.

आणि चिंकारा. पहिल्यांदा नीट दिसला तो जानेवारी २०२२ मध्ये. पौषातली थंडी होती, मी कातळावर शाल गुंडाळून बसले होते, चहाचा थर्मास बाजूला. साठ-सत्तर पावलांवर गवताच्या दोन काड्या हलल्या आणि त्या काड्या नव्हत्या, कान होते. मादी होती, शिंगं बारीक, सळ्यांसारखी. ती बोरीखाली पडलेली बोरं वेचत होती. एक बोर घ्यायचं, मान वर, चारी बाजूंना बघायचं, चघळायचं, मग दुसरं. तिनं मला आधीच पाहिलं असणार, पण बसलेली बाई बहुधा धोक्यात मोडत नसावी. मी थर्मासचं झाकण फिरवलं. तेवढ्या करकरीवर तिनं पुढचा खूर जमिनीवर आपटला आणि नाकातून फिस्सकन आवाज काढला, आपण सर्दीत शिंक अडवतो तसा. दोन उड्या, आणि मग ती पळाली. दिसत राहिली बराच वेळ, काळी शेपटी पार ओढ्यापर्यंत दिसली. झाडं असती तर दुसऱ्याच उडीला दिसेनाशी झाली असती.

तिथं बसल्या बसल्या आसपासच्या गावांची नावं मनात आली. पुरंदरात हिवरे, इंदापुरात बाभुळगाव, दौंडला बोरीबेल, वाल्ह्याजवळ तर हरणीच. आपल्या आज्यापणज्यांनी गावाला नाव ठेवताना आजूबाजूला जे दिसलं ते ठेवलं, आणि त्यांना दिसत होती ती काटेरी, विरळ झाडं. अलीकडंच अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय आणि लोककथा याच नजरेनं चाळल्या, तर पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात त्यांना गवताळ माळाच्याच खुणा मिळाल्या. म्हणजे हा माळ जंगल तोडून उजाड झालेला नाही, तो पूर्वापार माळच आहे. आपल्या डोक्यात मात्र त्याच्यासाठी एकच शब्द, पडीक. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशा काढतात त्यात अशी माळरानं मोजली जातात, आणि पडीक म्हटलं की प्रत्येकाला त्यावर काहीतरी करावंसं वाटतं. कुणाला जंगल, कुणाला सौर पट्ट्या, कुणाला फार्महाऊसचे प्लॉट. मला हरणांची बाग करावीशी वाटली होती. मी काही वेगळी नव्हते.

इंदापूरच्या कडबनवाडीत आणि आमच्या तालुक्यातल्या शिर्सुफळला वनविभागानं आता गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. पुण्यातली ओळखीची माणसं जाऊन येतात आणि मला फोन करतात, "अगं, तिकडं काहीच नाही, नुसतं गवत, पण काय सुंदर!" 'पण' हा शब्द जातोय हळूहळू.

आता आण्णाची मटकी. चिंकाऱ्याला काही कुंपण कळत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या माळाला लागून असलेली आण्णाची मटकी आणि हरभरा त्याला बोरांपेक्षा आवडतो. दोन वर्षांपूर्वी आण्णा तणतणत आला. "तू पाळतेस आणि आम्ही पोसतो, असं झालंय." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. नुकसानभरपाई मिळते, पण दोन पायली मटकीसाठी अर्ज, पंचनामा, खेपा कोण करणार? मी माझ्या हद्दीत, त्याच्या बांधाला लागून, पंधरा फुटांचा हुलगा-मटकीचा पट्टा पेरायला लागले. आधी तिथं खाऊन पोट भरावं म्हणून. हे म्हणजे पुन्हा त्या अमेरिकन लोकांसारखंच झालं, फक्त सलगमच्या जागी हुलगा. कधी उपयोग होतो, कधी चिंकारा पट्टा ओलांडून थेट आण्णाकडं जातो. मग मी वहिनींकडं दोन पायली मटकी पोचवते. त्या ठेवून घेतात. मोडाची उसळ परत येते, त्यावर ओलं खोबरं.

पाच एकरावर हरीण राहत नाही, हेही एव्हाना कळलंय. ते येतं, अर्धा दिवस असतं, जातं. पूर्वेला गायरान आहे म्हणून येतं, दक्षिणेला कुणाचं तरी पड रान आहे म्हणून येतं. गेल्या वर्षी त्या दक्षिणेच्या रानात चुन्याच्या रेघा पडल्या, मग सिमेंटचे खांब आले, मग 'निसर्गाच्या सान्निध्यात' अशी पाटी. पाटीवर हरणाचं चित्र आहे. शिंगं फाटेदार, म्हणजे सांबर असावं.

ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून शेतात काय आहे ते मोबाइलवर, शेतात उभं राहून, फोटोसकट नोंदवावं लागतं. मी पुण्यात असते, म्हणून माझंही आण्णाच करतो. या खरिपाला त्याचा माळावरून फोन आला. वारा इतका होता की निम्मं ऐकू येत नव्हतं.

"काय टाकू गं? कायम पड?"

"टाक."

"फोटो मागतोय." मग बराच वेळ नुसता वारा. "तीनदा काढला. कुठून बी काढला तरी नुसतं गवातच येतंय. चालंल का?"

मी म्हटलं, चालेल.